आचाऱ्याचं पोट बिघडलं तर काय करायचं? ठेला, मेस, मिठाई आणि केटरिंगवाल्यांसाठी

सकाळी साडेसहाला नागपुरातल्या पोह्याच्या ठेल्यावर तर्रीचा गंज, म्हणजे झणझणीत रश्श्याचं मोठं पातेलं, खदखदत असतो. त्या उकळीत जंतूंचा टिकाव लागत नाही. पोहेही वाफाळलेले असतात. पण प्लेट गिऱ्हाइकाच्या हातात जाण्याआधी तिच्यावर बारीक चिरलेला कच्चा कांदा पडतो, सांबार (कोथिंबीर) पडतो, शेव पडते, लिंबाची फोड ठेवली जाते, आणि हे सगळं बोटांनी होतं. कांदा चिरणाऱ्याचं पोट रात्रीपासून चालू असेल आणि संडासाहून आल्यावर त्यानं हात नुसते पाण्याखाली धरले असतील, तर खालची तर्री कितीही उकळलेली असो, आजार वरून पडलेला असतो.

हात लागल्यावर अन्न पुन्हा आगीवर जाणार आहे की थेट तोंडात, एवढं एक पाहिलं तरी आजारी कामगाराला कुठल्या कामापासून लांब ठेवायचं ते अर्धं कळतं. सावजीच्या रश्श्यासाठी मसाला वाटणारा आणि त्याच टेबलावर काकडी-कांद्याची ताटली लावणारा, या दोघांच्या हातांमुळे होणारा धोका सारखा नाही. संत्रा बर्फी कापून डब्यात भरणारा, सांबारवडीसोबतची चटणी काढणारा, मेसच्या डब्यात पोळ्यांच्या घड्या घालणारा, पाणीपुरीच्या पाण्यात हात बुडवणारा, लग्नात सॅलड आणि दही वाढणारा, बर्फ फोडणारा, यांच्या हातानंतर आग नाही. सर्वात आधी लक्ष द्यायचं ते या माणसांच्या तब्येतीकडे.

न्यूयॉर्कची मेरी मॅलन हे याचं जुनं उदाहरण. १९०६ च्या उन्हाळ्यात ऑयस्टर बे इथल्या एका घरात ११ पैकी ६ जणांना टायफॉईड झाला. स्वयंपाकीण मेरी स्वतः ठणठणीत होती, पण तिच्या शरीरात टायफॉईडचे जंतू होते आणि विष्ठेतून बाहेर पडत होते. तपास करणाऱ्या जॉर्ज सोपर यांना प्रश्न पडला, की गरम जेवणातून हे पसरलं कसं? त्यांनी काढलेला अंदाज असा, की कच्चे पीच कापून घातलेल्या आइस्क्रीममधून. ते हातानं केलेलं होतं आणि थंड होतं. त्याला आग लागलीच नव्हती.

भिंतीवरचा दाखला

परवानाधारक हॉटेल, मिठाई कारखाना किंवा केटरर यांनी अन्न हाताळणाऱ्या प्रत्येक कामगाराची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करून घ्यायची असते. त्यावर नोंदणीकृत डॉक्टरांची सही लागते आणि त्याची नोंद तपासणीसाठी ठेवावी लागते. अन्न सुरक्षा व मानके परवाना आणि नोंदणी नियम २०११ मधल्या परिशिष्ट ४ मध्ये हे आहे. पोटातून पसरणाऱ्या आजारांच्या गटाविरुद्ध, म्हणजे मुख्यतः टायफॉईडविरुद्ध, लस देऊन तिचीही नोंद ठेवायची असते. छोट्या, फक्त नोंदणी असलेल्या ठेल्यालाही सूट नाही. संसर्गजन्य आजार असलेल्याला कामावर ठेवायचं नाही, जखम कायम झाकलेली हवी आणि अशा माणसाचा अन्नाला थेट हात लागता कामा नये, हे त्यालाही लागू आहे.

बहुतेक जागी दाखला असतो. अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी आले की तो काढून दाखवता येतो. पण तो वर्षातल्या एका दिवसाची तब्येत सांगतो. जानेवारीत फिट ठरलेल्या आचाऱ्याचं पोट जुलैच्या पहिल्या पावसात बिघडलं, तर त्या कागदाला ते कळणार नाही. म्हणूनच त्याच परिशिष्टात आणखी एक गोष्ट सांगितली आहे, जिच्याकडे फारसं कोणी पाहत नाही: आजाराची लक्षणं दिसताच कामगारानं ती ताबडतोब मालकाला सांगावीत, अशी पद्धत व्यवसायानं उभी करायची आहे. खरं काम हेच आहे.

आणि हे काम कागदावर होत नाही. कामगार आजार का लपवतो, ते समजून घेतल्याशिवाय ते जमत नाही.

तो सांगत का नाही?

कारण सांगितलं की रोज बुडतो. रोजंदारीवरच्या माणसाला दोन दिवस घरी बसवलं की दोन दिवसांचे पैसे गेले. तो बालाघाट-छिंदवाड्याहून आलेला असेल, तर महिन्याला घरी पाठवायच्या रकमेतून तेवढे कमी झाले. शिवाय त्याच्या जागी दुसरा आला आणि तोच टिकला तर, ही धास्ती असते. मग तो मेडिकलमधून जुलाब बंद करायची गोळी घेतो, ‘भाऊ, काही नाही, गॅस झाला’ म्हणतो आणि कांदा चिरायला बसतो. गोळीनं जुलाब थांबतात. जंतू बाहेर पडायचे थांबत नाहीत.

म्हणून आमचं स्पष्ट म्हणणं आहे: पोटाच्या तक्रारीसाठी घरी बसवलेल्या दिवसांचा रोज द्या. पूर्ण जमत नसेल तर अर्धा द्या, पण आधी ठरवून द्या आणि सगळ्यांना सारखा द्या. हिशोब करून पाहा. समजा माणसाचा रोज ७०० रुपये आहे, तर दोन दिवसांचे १४०० झाले. उलट दूषित अन्न खाऊन गिऱ्हाइकाला इजा झाली, तर अन्न सुरक्षा कायदा २००६ च्या कलम ६५ प्रमाणे १ लाखापर्यंत, इजा गंभीर असेल तर ३ लाखांपर्यंत आणि मृत्यू झाला तर किमान ५ लाख भरपाई होऊ शकते. अस्वच्छ स्थितीत अन्न तयार केल्याचा १ लाखापर्यंतचा दंड वेगळाच.

हा सगळा खर्च खिशातूनच करावा लागतो असंही नाही. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा ज्यांना लागू आहे, तिथल्या कामगाराला वर्षाला ८ दिवस पगारी नैमित्तिक रजा असतेच. ती पोटाच्या तक्रारीला वापरू द्या. कामगार ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) असेल, म्हणजे त्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि कपात नियमित भरलेली असेल, तर लांबच्या आजारात त्याला मजुरीच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळू शकते. पहिले दोन दिवस साधारणपणे त्यात धरले जात नाहीत, म्हणून त्या दोन दिवसांचा भार मालकानं उचलावा. टायफॉईड-कावीळ झालेल्या माणसाला तीन-चार आठवडे लांब ठेवायची वेळ येते, तेव्हा या योजनेचा खरा उपयोग होतो. डॉक्टरांचा दाखला पहिल्याच दिवशी काढून ठेवा. नंतर मागच्या तारखेचा मिळवताना कामगाराची पायपीट होते.

दुसरी अडचण माणसांची आहे. तर्रीचा मसाला एकाच आचाऱ्याला जमतो, पाक एकाच कारागिराला कळतो. तो आजारी पडला तरी त्याला बोलावलं जातं, कारण त्याच्याशिवाय दुकान उघडत नाही. प्रत्येक महत्त्वाच्या कामावर दुसरा हात तयार ठेवणं ही आजार रोखण्याचीच तयारी आहे. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत किंवा लग्नसराईत तो शोधायला निघालात तर मिळणार नाही. आताच महिन्यातून दोनदा हेल्परला त्या जागी उभं करा.

रोज विचारायचे तीन प्रश्न

हजेरी घेताना, ॲप्रन चढवायच्या आधी, प्रत्येकाला विचारा. पाच मिनिटं लागतात.

‘का रे, रात्रीपासून उलटी, संडास काही झालं का?’
‘घरी, खोलीवर कोणाचं पोट बिघडलं, कोणाला कावीळ झाली का?’
‘हात दाखव बरं.’

‘बरा आहेस ना?’ असं विचारलं की उत्तर ‘हो भाऊ’ हेच येतं. नेमकं लक्षण विचारलं तर खरं उत्तर यायची शक्यता वाढते. त्यातही चारचौघांत विचारू नका, एकेकाला बाजूला घेऊन विचारा. बायका काम करत असतील तर एखाद्या जाणत्या ताईंकडे हे काम द्या, पुरुष सुपरवायझरला त्या संडासाबद्दल बोलणार नाहीत. हात पाहताना नखं, कापलेलं, भाजलेलं, नखुरडं, खरूज, फोड पाहा आणि मनगटाच्या वर कोपरापर्यंतही नजर टाका. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर दिसतो का तेही बघा. ट्यूबलाइटखाली ते कळत नाही, दारात उजेडात उभं करून पाहावं लागतं.

उलटी, जुलाब, कावीळ, तापासोबत घसा धरणं, आणि हातावर पू असलेली जखम, या पाच गोष्टी आढळल्या तर त्या दिवशी अन्नाला हात नाही. जुलाब म्हणजे किती? २४ तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ संडास, ही नेहमीची व्याख्या. पण स्वयंपाकघरासाठी आम्ही एकदाच झाली तरी सांग, असं म्हणतो. तीनपर्यंत मोजत बसलात तर तोवर दुपारचं जेवण वाढून झालेलं असतं.

सर्दी असेल आणि नाक गळत असेल, सतत शिंका येत असतील, तर त्याला उघड्या अन्नापासून काढा. गल्ल्यावर, भांड्यांवर, मालाच्या गाडीवर लावा. जुलाब-उलटीवाल्याला मात्र भांड्यांवरही लावू नका, आवाराबाहेर पाठवा. तो कामगारांचाच संडास वापरतो आणि त्याच कडीला हात लावतो. एकामागून एक सगळे पडतात ते असेच.

किती दिवस?

परिशिष्ट ४ मध्ये तासांचा आकडा नाही. अमेरिकेच्या आदर्श नियमावलीत साध्या उलटी-जुलाबाला लक्षणं थांबल्यापासून २४ तास धरतात, ब्रिटनमध्ये ४८ तास. आपल्याकडे ४८ धरावेत. कारण नागपुरातल्या छोट्या दुकानात कोणता जंतू होता याची तपासणी होत नाही, आणि त्यात नोरोव्हायरस असेल तर २४ तास कमी पडतात. मोजणी कधीपासून करायची यात चूक होते. शेवटची पातळ संडास किंवा उलटी झाली तिथून, आणि तीही थांबवायची गोळी न घेता. सोमवारी रात्री ९ ला शेवटची झाली, तर कामावर बुधवारी रात्री ९ नंतर, म्हणजे प्रत्यक्षात गुरुवारी सकाळी.

नोरोव्हायरसबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण स्वयंपाकघरात सगळ्यात चिवट तोच. पोटात गेल्यावर १२ ते ४८ तासांत उलट्या सुरू होतात आणि एक ते तीन दिवसांत माणूस बरा होतो. आजारी पडायला शंभराहूनही कमी कण पुरतात. हाताला लागलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या डागातही त्याहून कितीतरी जास्त असतात. माणूस बरा झाल्यावरही विष्ठेतून दोन आठवडे किंवा जास्त काळ तो बाहेर पडत राहतो. आणि महत्त्वाचं म्हणजे अल्कोहोलच्या सॅनिटायझरला तो फारसा दाद देत नाही. काउंटरवर सॅनिटायझरची बाटली ठेवून हात धुण्याचं नळकोंडाळं बंद केलेल्या जागा दिसतात, तिथे हा व्हायरस अडत नाही. साबण, वाहतं पाणी आणि किमान २० सेकंद चोळणं यानंच तो निघतो. अंगठा, बोटांच्या बेचक्या आणि नखांखालची जागा बहुतेकांची राहून जाते.

ठेल्यावर नळ नसतो हे मान्य आहे. २० लिटरच्या टाकीला खाली तोटी लावून घ्या, खाली बादली ठेवा आणि साबण दोरीला बांधा. ड्रममध्ये गडवा बुडवून हात धुतले, की पहिल्याच्या हाताचं दुसऱ्याच्या हाताला लागतं. आणि धुतलेले हात खांद्यावरच्या दुपट्ट्याला पुसले तर धुणं वाया गेलं. त्याच दुपट्ट्यानं कपाळाचा घाम पुसलेला असतो, प्लेटही पुसलेली असते. हात कागदी नॅपकिनला पुसावेत किंवा हवेत वाळू द्यावेत.

कावीळ दिसल्याच्या दिवसापासून तो माणूस किमान ७ दिवस बाहेर, आणि परत घ्यायचा तो डॉक्टरांच्या लेखी परवानगीनंच. माणसाच्या हातून अन्नात जाते ती मुख्यतः हिपॅटायटीस ए प्रकारची. ई प्रकार आपल्याकडे जास्त करून दूषित पाण्यातून येतो. ए प्रकारात डोळे पिवळे होण्याच्या आधीचे साधारण दोन आठवडेच सर्वात धोक्याचे असतात. म्हणजे तुम्हाला कळलं तेव्हा तो दोन आठवडे अन्न हाताळून चुकलेला आहे. म्हणून कावीळ कळल्यावर लगेच दोन कामं करा. मागच्या दोन आठवड्यांत त्यानं कोणतं कच्चं किंवा थंड अन्न हाताळलं ते लिहून काढा, आणि बाकीच्या कामगारांना डॉक्टरांकडे न्या. संपर्कानंतर दोन आठवड्यांच्या आत लस दिली तर आजार टळू शकतो.

टायफॉईड त्याहून अवघड. लागण झाल्यापासून ताप यायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, कधी महिनाही. आपल्याकडे ताप आला की विडाल टेस्ट होते आणि पॉझिटिव्ह आली की टायफॉईड म्हणतात. ही टेस्ट फार भरवशाची नाही. जुन्या संसर्गानं किंवा काही लसींनीही ती पॉझिटिव्ह येते, आणि खरा टायफॉईड असताना निगेटिव्हही. खात्री हवी तर उपचार सुरू करायच्या आधी रक्ताचं कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहायची तपासणी, करावं लागतं. कामावर परत घेतानाही विडाल करून उपयोग नाही. जंतू अजून विष्ठेतून बाहेर पडतात का, एवढाच प्रश्न असतो आणि त्याला संडासचं कल्चर लागतं. अनेक देशांत पद्धत अशी आहे: अँटिबायोटिक संपून किमान ४८ तास झाल्यावर, एकमेकांपासून किमान २४ तासांच्या अंतरानं तीन नमुने, आणि तिन्ही स्वच्छ. आपल्या डॉक्टरांशी बोलून हेच धोरण ठेवा. नागपुरातल्या मेयो किंवा मेडिकलसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात चौकशी केली तर खर्चही आवाक्यात राहू शकतो. टायफॉईड झालेल्यांपैकी शंभरात एक ते पाच जण मेरीसारखे वाहक बनतात. जंतू पित्ताशयात मुक्काम करतात आणि माणसाला काहीही होत नाही. असा वाहक सापडला तर त्याला हाकलू नका. उपचार होतात, आणि तोवर माल उतरवणं, हिशोब, गाडी, डिलिव्हरी अशी कामं आहेत.

लसीचं म्हणाल तर टायफॉईडची नवी कॉन्ज्युगेट लस एकाच डोसात देतात, जुन्या पॉलिसॅकराइड लसीचा डोस दर तीन वर्षांनी पुन्हा घ्यावा लागतो. कोणती दिली आणि कधी, ते रजिस्टरमध्ये लिहा. लस घेतली म्हणून हात धुणं सुटत नाही, हिपॅटायटीस आणि नोरोव्हायरसला ती चालत नाही.

बोटावरची जखम आणि खोवा

मिठाईच्या कारखान्यात वेगळाच धोका असतो. कारागिराच्या बोटाला पिकलेला फोड आहे, त्याच हातानं तो खोवा मळतो आणि पेढे वळतो. पुवात स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू असतो. निरोगी माणसांपैकी साधारण तिघांतल्या एकाच्या नाकातही तो असतो. खोव्यात, पनीरमध्ये, मलईत तो झपाट्यानं वाढतो आणि विष तयार करतो. आणि हे विष उकळूनही जात नाही. म्हणजे ‘पुन्हा तापवून घेऊ’ हा उपाय इथे चालत नाही, माल फेकावाच लागतो. खाल्ल्यापासून अर्ध्या तासात ते आठ तासांत जोरदार उलट्या सुरू होतात. मेच्या नागपुरी उन्हात, ४५ अंशांत, टेबलावर उघडा राहिलेला खोवा या जंतूला हवा तसाच असतो.

साधी, कोरडी कापलेली जखम असेल तर धुऊन, वॉटरप्रूफ पट्टी लावून, वरून हातमोजा घालून काम करता येतं. पट्टी निळ्या रंगाची घ्या. स्वयंपाकघरात निळं अन्न नसतं, त्यामुळे पट्टी सुटून पडली तर दिसते. नेहमीची अंगाच्या रंगाची पट्टी बुंदीत किंवा पोह्यात शोधून सापडत नाही. पू असेल, लालसर सूज असेल, तर खोवा, पनीर, सॅलड, कापणी, पॅकिंग यातलं काहीच नको. हातमोजे घातले की झालं, असंही नाही. मोज्यानं नाक पुसलं, नोटा घेतल्या आणि पुन्हा पेढ्याला हात लावला, तर तो मोजा उघड्या हाताइतकाच घाण. काम बदललं की मोजा बदलायचा, आणि आधी हात धुवायचे.

कोणी स्वयंपाकघरातच ओकलं तर

या वेळी घाई होते आणि घाईत चूक होते. हेल्पर कोरडा झाडू किंवा नेहमीचा पोछा घेऊन धावतो आणि तोच पोछा नंतर सगळ्या फरशीवर फिरतो. उलटीचे बारीक थेंब बरेच लांब उडतात, म्हणून साधारण २५ फुटांच्या आत उघडं असलेलं अन्न फेकायचं. कापलेला कांदा, सॅलड, उघडा पोळ्यांचा डबा, प्यायच्या पाण्याचा उघडा माठ, सगळं. झाकणाचा गंज बाहेरून पुसून चालेल.

साफ करणाऱ्यानं मास्क आणि हातमोजे घालावेत. आधी कागद किंवा टाकाऊ फडकं टाकून ओल शोषून घ्यावी, ते पिशवीत बांधावं, साबणानं जागा पुसावी आणि मग क्लोरीनचं पाणी मारावं. बाजारातलं ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट असेल तर १०० मिली घेऊन त्यात ९०० मिली पाणी. त्याचं ५००० पीपीएमचं (दहा लाख भागांत ५००० भाग क्लोरीन) द्रावण होतं. ब्लीचिंग पावडर ताजी, ३३ टक्क्यांची असेल तर १५ ग्रॅम, एक लिटर पाण्यात. किमान ५ मिनिटं ओलं राहू द्या, मग अन्न ठेवायची जागा स्वच्छ पाण्यानं धुऊन घ्या. द्रावण त्याच दिवशी बनवा. उन्हात, उकाड्यात क्लोरीन उडून जातो, आणि गेल्या उन्हाळ्यातली उघडी पावडर नुसता पांढरा चुना असू शकते. संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये हे कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. नळाची तोटी, संडासची कडी, फ्रिजची मूठ आणि मोबाइल हे पुसायचं राहून जातं.

मे महिन्यात भट्टीसमोरच्या माणसाला उलटी झाली तर ती उन्हाचीही असू शकते. अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध, घाम येईनासा झाला असेल तर लगेच सावलीत न्या, अंगावर पाणी मारत दवाखाना गाठा. पण उलटी ‘फक्त उन्हाची’ ठरवून त्याला तासाभरात परत परातीवर बसवू नका. तो निर्णय डॉक्टरांचा.

घरी पाठवलं म्हणजे कुठे?

दुकानाच्या वर एका खोलीत आठ-दहा कारागीर राहतात आणि सगळ्यांना संडास एकच. अशा वेळी ‘घरी जा’ म्हणजे वरच्या मजल्यावर जा, आणि तिथूनच उरलेल्यांना लागण. त्याला वेगळी बादली, वेगळा गडवा, वेगळी चटई द्या. संडासची कडी आणि नळ दिवसातून दोनदा क्लोरीनच्या पाण्यानं पुसा. संडासात साबण असतो की नाही हे मालकानं स्वतः जाऊन पाहावं, बहुतेक जागी नसतो. ओआरएसचं मोठं पाकीट, साधारण २०.५ ग्रॅमचं, पूर्ण एक लिटर पाण्यात एकदम घालायचं. ग्लासात थोडं थोडं घातलं की प्रमाण चुकतं. संडासात रक्त, तीन दिवसांवर ताप, लघवी कमी होणं, पाणीही पोटात न ठरणं, यातलं काही दिसलं तर दवाखाना, वाट पाहायची नाही.

ज्यांना काढायचं कारण नाही

एचआयव्ही, हिपॅटायटीस बी आणि सी अन्नातून पसरत नाहीत. तरी काही जागी नोकरी देताना एचआयव्हीची टेस्ट मागतात. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं नोकरीची अट म्हणून ही टेस्ट घेणं आणि त्यावरून भेदभाव करणं, दोन्हींना मनाई आहे. टीबीही अन्नातून जात नाही. फुप्फुसाचा टीबी हवेतून सहकाऱ्यांना होऊ शकतो, म्हणून उपचार सुरू होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत तो माणूस बाहेर, आणि नंतर त्याची जागा त्याला परत. ही माणसं उगाच नोकरीवरून जातात, आणि ते पाहून पोटाचं दुखणं असलेला आणखी गप्प बसतो.

त्याच कारणानं आजाराची बातमी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. ‘आज रजा’ एवढं पुरे. रजिस्टर मात्र नीट ठेवा: नाव, लक्षण, सुरू झाल्याची वेळ, घरी पाठवल्याची वेळ, त्या दिवशी आणि आदल्या दिवशी कोणतं अन्न हाताळलं, शेवटची लक्षणं कधी, परत कधी. ‘कोणतं अन्न’ हा रकाना बहुतेक रजिस्टरांत नसतो, आणि तक्रार आली की नेमका तोच लागतो. लोक शेवटच्या खाल्लेल्या प्लेटला दोष देतात. उलट्या खाल्ल्यापासून दोन तासांत झाल्या असतील तर खोव्याचा संशय घ्या, दुसऱ्या दिवशी झाल्या असतील तर कच्च्या सॅलडचा, आणि महिन्यानंतर कावीळ झाली असेल तर मागच्या महिन्याचं पान उघडा.

लग्नाच्या केटरिंगमध्ये आणि मोठ्या अन्नदानात अडचण वाढते, कारण वाढपी त्याच दिवशी गोळा केलेले असतात. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमी परिसरात, रामनवमीच्या शोभायात्रेच्या मार्गावर हजारो हात अन्न वाढतात. हे लोक मनापासून सेवा करायला आलेले असतात. पोट बिघडलं असलं तरी पुण्याच्या कामातून मागे हटायला कोणी तयार नसतं. मुख्य माणसानं सुरुवातीलाच सांगावं: पोट बरं नाही त्यानं भाताला काय, पत्रावळींनाही हात लावू नये, सरळ घरी जावं. आणि उकळत्या डाळीच्या गंजापेक्षा काकडीच्या टोपल्यावर कोण बसलंय, ते आधी पाहावं. परवानाधारक व्यवसायात दर २५ कामगारांमागे एक प्रशिक्षित अन्न सुरक्षा पर्यवेक्षक असावा, अशी अन्न सुरक्षा प्राधिकरणाची अपेक्षा आहे. तो असेल तर हे पाहणं त्याचं काम.

परत आल्यावर

४८ तास झाले आणि माणूस ठीक आहे म्हणून आला, की ॲप्रन देण्याआधी तीन गोष्टी विचारा. शेवटची पातळ संडास कधी झाली, थांबवायची गोळी कधी घेतली होती, घरी अजून कोणी आजारी आहे का. उत्तरं रजिस्टरमध्ये लिहा आणि त्याची सही किंवा अंगठा घ्या. तारीख जुळत नसेल तर आणखी एक दिवस थांबवा, रोजासकट.

बरा झाला तरी विष्ठेतून जंतू जातच असतात, हे वर सांगितलंच. म्हणून पहिले दोन आठवडे त्याला कच्च्या कांद्यावर, चटणीवर, बर्फी कापायला बसवू नका. भट्टीवर, तळणावर, तर्रीच्या गंजावर लावा. तिथे त्याच्या हातानंतर आग असते.